थेटरातलं गाऱ्हाणं

कातळकोंडच्या भागोजीला चहा पाजणं हे सोपं काम नव्हतं. आंब्याच्या तोडणीला तो आमच्या बागेत यायचा. "भागोजी, चहा घेणार का?" असं विचारलं की पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणायचा, "बगा." आता ह्या 'बगा'चा अर्थ हो की नाही, हे सबंध जिल्ह्यात एकाच माणसाला कळायचं, ती त्याची बायको चिमा. ती आंब्याच्या ढिगाजवळून ओरडायची, "घेनार हायत, अण्णा! साखर जास्ती टाका."

दुकानात गेला तर दुकानदाराने विचारेपर्यंत उभा. एसटीत बसला तर कंडक्टरला उतरायचं गाव चिमा सांगणार. दाढदुखीने गाल भोपळ्याएवढा झाला तेव्हा डॉक्टरने विचारलं, "कुठे दुखतंय?" तर हा चिमाकडे बघायला लागला. मी कोर्टात कारकून. दिवसभर बडबड्या लोकांत बसायचो, त्यामुळे मला हा माणूस फार आवडायचा. तोडणीचे दिवस म्हणजे कानांना सुट्टी.

पण हाच भागोजी गावच्या नवलाई देवीसमोर उभा राहिला की वेगळाच माणूस व्हायचा. कातळकोंडात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे. आमच्याकडे देवाला आपलं आपण मागत नाहीत. मागणारा हात जोडून मागे उभा राहतो आणि मानकरी त्याच्या वतीने देवाशी बोलतो. तो एकेक वाक्य टाकतो आणि जमलेली माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा!" भागोजीच्या बापाचा हा मान, आज्याचाही. मंदिराच्या पायरीवर चढेपर्यंत भागोजी मुका. एकदा "हे आई नवलाई" म्हणाला की आवाज असा निघायचा की वाडीतली कुत्री उठून बसायची.

नुसता आवाज नव्हे, अक्कलसुद्धा. आमच्या कोर्टातले वकील पक्षकाराचं म्हणणं असं मांडायचे की पक्षकारालाच ते खोटं वाटायला लागायचं. भागोजीचं तसं नव्हतं. सोनूबाईचा नवरा मुंबईत रमला होता, तीन शिमगे घरी आला नव्हता. कशात रमला होता ते अख्ख्या वाडीला ठाऊक, पण देवीसमोर बोलायचं कसं? भागोजीने गाऱ्हाणं घातलं, "ह्या तुज्या लेकीच्या धन्याची वाट चुकली असल तर सरळ कर, नि जिच्यामुळं चुकली तिलाबी तिच्या घरची वाट दाखव!" "व्हय म्हाराजा!" सोनूबाईचा नवरा त्याच वर्षी परत आला. त्यात देवीचा हात किती आणि गिरण्यांच्या संपाचा किती, ते मी सांगणार नाही. मला सोनूबाईच्या घरचे फणस मिळतात.

संपाने परत आणलेल्यांतच भागोजीचा चुलतभाऊ बाबू होता. पंधरा वर्षं मुंबईत काढलेला, रुबाबदार, खिशाला पेन लावणारा. पेनात शाई असायची की नाही ते देवी जाणे. गिरणीत तो युनियनचा माणूस, गेटवर भाषणं ठोकायचा. गावात आल्यावर भाषण कुणासमोर करणार? म्हशीसमोर? दोन वर्षं त्याने कळ काढली. मग गावात आपलंही वजन असावं म्हणून एक युक्ती काढली. माघ महिन्यात, शेतीची कामं नसताना, अख्खी वाडी टेम्पोत भरून रत्नागिरीला सिनेमा दाखवायला आणली.

साल चौऱ्याऐंशी की पंच्याऐंशी. सिनेमा मराठी, विनोदी. नाव विचारू नका, आमची बायको मालिनी अजून त्यावर माझ्याशी भांडते. गोष्ट मात्र पक्की आठवते. एका साध्या कारकुनाच्या घरी देव पाहुणा म्हणून येतो. देव सफारी सूट घालून, हातात बॅग घेऊन येतो आणि दोन खोल्यांच्या घरात ठाण मांडतो. त्याला रेशनची साखर संपलेली कळत नाही, नळाला पाणी का नाही ते कळत नाही, सगळी मजा. कारकुनाचा सिनेमा म्हटल्यावर मी बघायला जाणारच. दुपारच्या खेळाला मालिनीला घेऊन गेलो तर पुढच्या सगळ्या रांगा कातळकोंडने भरलेल्या.

आधी गोंधळ झाला तो चपलांचा. देवाचा सिनेमा म्हणून बायकांनी चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. पडद्यावर देव आला तोच बूट घालून, आणि बूट घालूनच कारकुनाच्या स्वयंपाकघरात शिरला. वाडीतली म्हातारी हौसा मोठ्याने म्हणाली, "अगो, ह्यो देव बूट घालून चुलीपाशी जातो, नि आमी हितं अनवानी!" अर्ध्या बायका उठून चपला आणायला गेल्या. परत आल्या तेव्हा पडद्यावरच्या देवाने चार हात दाखवले. पुन्हा चपला काढल्या. डोअरकीपर वैतागला. म्हणाला, "एकदाच काय ते ठरवा, आत-बाहेर करू नका."

सगळं थेटर हसत होतं, भागोजी सोडून. मी त्याच्या मागच्याच रांगेत होतो. तो पुढे झुकून, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, जसा आमच्या कोर्टात एखादा जुना वकील दुसऱ्याचा खटला ऐकत बसतो.

शेवटाकडे देव म्हणाला, "मी उद्या जातो. जाताना तुला एकच वर देतो. माग." आणि हात वर करून उभा राहिला. तो कारकून डोकं खाजवायला लागला. "म्हणजे… तसं बघितलं तर… एक स्कूटर…" बायकोने डोळे वटारले. "नाही, नाही, म्हणजे… बढती… नाहीतर असं करू या का…" गंमतच होती. देव हात वर धरून कंटाळला, जांभई दिली, हात बदलला. लोक हसून लोळत होते. आणि समोर भागोजीला घाम फुटला होता. "आरं, असं मागत्यात काय?" तो पुटपुटला. चिमाने त्याचा सदरा ओढला. "गप बसा. सिनेमा हाय."

कारकून पुन्हा म्हणाला, "म्हणजे, मला नक्की काय हवंय…"

भागोजी उठला. थेटरात, भर खेळात, हात जोडले आणि तो आवाज निघाला.

"हे बापा म्हाराजा! आज ह्यो गरीब कारकून तुज्यापुढं उभा हाय…"

आणि मग पुढच्या रांगांतून, काही विचार न करता, "व्हय म्हाराजा!"

"त्याला मागता येत नाय, पन तुला देता येतं…"

"व्हय म्हाराजा!" आता मागच्या रांगाही. मागच्या रांगांत कोण होते? जाकादेवीचे, खंडाळ्याचे, सगळे असल्याच गावांतले. देवासमोर कुणी गाऱ्हाणं घातलं की आपण काय म्हणायचं ते त्यांना आईच्या दुधातून आलेलं.

"त्याच्या घरात साकर नाय, नळाला पानी नाय, बायको रागावलेली हाय. त्याची इडापिडा टाळ, त्याला साहेबाच्या नजरंत चढव, त्याच्या घरात पाळना हलव नि एकाचे एकवीस कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" माझी मालिनी, माहेर पुण्याचं, कोकणातल्या भुतांना हसणारी बाई, तिनेही हात जोडून म्हटलं. सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा म्हणाल, तर बाबूचा.

आणि नेमकं त्याच क्षणी पडद्यावरचा देव म्हणाला, "तथास्तु!"

थेटरात जी आरोळी उठली तिने छपरावरची कबुतरं उडाली. पुढे सिनेमात कारकुनाला बढती मिळाली आणि बायकोला दिवसही गेले. सगळं भागोजीने मागितल्याप्रमाणे. बाहेर पडताना हौसा म्हणाली, "आमचा भागोजी नसता तर त्यो मेला स्कूटर घेऊन बसला असता." सहाच्या खेळालाही शेवट तोच झाला, पण हे हौसाला सांगणार कोण? पुढे आठवडाभर लोक तिकीट काढताना विचारायचे, "गाऱ्हानं कितीच्या खेळाला हाय?"

इथवर गंमत होती. पुढच्या पंधरवड्यात धुकं पडलं आणि कातळकोंडच्या काजूचा मोहोर काळा पडला.

धुकं काय फक्त कातळकोंडात पडलं नव्हतं. पण बाबूने चावडीवर उभं राहून विचारलं, "आजवर आपल्या गावचं गाऱ्हानं नवलाईशिवाय दुसऱ्या कुनाला घातलं हाय? ह्यानं देवीची वानी नेऊन रत्नांग्रीत बूट घातलेल्या नटाला वाह्यली! देवी कोपनार नाय तर काय?" लोक एकमेकांकडे बघायला लागले. शिमगा तोंडावर आला होता. पालखी बाहेर काढताना वर्षाचं मोठं गाऱ्हाणं असतं. बाबूचं म्हणणं, मान आता दुसऱ्या घराकडे जावा. दुसरं घर कुठलं हे सांगायची गरज नव्हती. भाऊकीत दोनच घरं होती.

लोकांनी भागोजीला विचारलं, "तुजं काय म्हननं?"

तो म्हणाला, "बगा."

ह्या खेपेला चिमाही काही बोलली नाही.

मला हे चिमानेच येऊन सांगितलं. आमच्या पडवीत बसली आणि म्हणाली, "अण्णा, त्यो मानूस घरात बोलत नाय, शेतात बोलत नाय, माज्याशी बोलत नाय. बोलतो त्यो फकस्त तिथं. तिथलं बोलनं काडून घेतलं तर मंग त्याच्याकडं तोंड कशाला हाय? भाकर खायला?" मग ती म्हणाली, "नि तुमाला गावानं बोलावलंय. साक्षीला." बाबूनेच माझं नाव दिलं होतं. थेटरात हजर, वर कोर्टातला.

ठरल्या दिवशी जयगडच्या एसटीने गेलो. मंदिरात गाव जमलेलं. धोंडू गुरव देवीच्या अंगावर कौल लावायला पाकळ्या पाण्यात भिजवून बसला होता. पाकळी उजवीकडून पडली तर देवीचं हो, डावीकडून पडली तर नाही. विचारायचं एवढंच, की भागोजीकडून मान काढून घ्यायचा का. भागोजी खांबाला टेकून अंगठ्याने जमीन उकरत होता. जमीन शेणाने सारवलेली, ताजी. त्याने तिथे वाटीएवढा खड्डा केला होता.

बाबूने मला विचारलं, "अण्णा, ह्यानं थेटरात गाऱ्हानं घातलं, हे खरं?"

"खरं."

"लोक व्हय म्हाराजा म्हटले, हे खरं?"

"खरं. तू सगळ्यांत मोठ्याने म्हटलंस, तेही खरं."

बायकांत खसखस पिकली. बाबू खाकरला. "त्ये तोंडातनं निघालं. मुद्दा त्यो नाय."

धोंडू गुरव म्हणाला, "बाबू, वेळ घालवू नको. देवीला इचारायचं तर गाऱ्हानं घालायला हवं. कोन घालनार?"

ह्याचा विचार कुणी केलाच नव्हता.

"मीच घालतो," बाबू म्हणाला आणि सदरा खाली ओढून पुढे झाला. हात जोडायच्या ऐवजी त्याची एक मूठ आपोआप वर गेली. "हे आई नवलाई! आज आमी सर्व ग्रामस्थ तुज्या दारात जमलो आहोत! आमची मागनी एकच! आमच्या मोहोराचं वाटोळं करनाऱ्याचा निकाल लागलाच पायजे!"

संपातून परत आलेले चार-सहा जण मागे उभे होते. त्यांनी जुन्या सवयीने आवाज दिला, "लागलाच पायजे!"

"धत् तुमच्या!" धोंडू गुरव कडाडला. "ही देवी हाय! गिरनीचा मालक नव्हं!"

मग दुसऱ्या एकाने करून बघितलं. तो दोन वाक्यांत देवीचंच नाव चुकला. तिसरा पुढे आला आणि त्याला हसू फुटलं. पाकळ्या वाळायला लागल्या. हौसा म्हणाली, "मंग ज्याला येतं त्यालाच सांगा की, मेल्यांनो! खटला त्याचा, वकीलबी तोच!"

"आपलं आपन गाऱ्हानं घालत नाय कुनी," धोंडू म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, "पन हे त्याचं कुठं हाय? हे गावाचं हाय. त्याच्याइरुद्ध. भागोजी, घालशील?"

"बगा," भागोजी म्हणाला.

सगळ्यांनी चिमाकडे पाहिलं. ती म्हणाली, "घालतील."

भागोजी खांबापासून सुटला. खांद्यावरचा पंचा की टॉवेल काय होता तो कमरेला बांधला आणि देवीसमोर उभा राहिला. मला वाटलं आता हा हळूच काहीतरी आपल्या बाजूचं घुसडणार. मी असतो तर तेच केलं असतं.

"हे आई नवलाई! बारा वाटांच्या, बारा वेशींच्या माउली! आज तुजी ही लेकरं भिऊन तुज्या दारात उभी हायत…"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गावात भागोजी नावाचा एक गडी हाय. तू त्याला तोंड दिलंस ते तुज्यापुरतं दिलंस. त्यानं ते नेलं नि कापडावरच्या देवापुढं उघडलं…"

"व्हय म्हाराजा!"

"त्याला कीव आली म्हनशील, तर कीव करनं हे तुजं काम, त्याचं नव्हं. त्यानं तुला इचारलं नाय…"

"व्हय म्हाराजा!" आता आवाज जरा बारीक झाला होता. इतकं कडक कुणाला नको होतं.

"मोहोर धुक्यानं गेला का त्याच्यामुळं गेला, ते तुला ठाव. ज्याच्या घरी काजू नाय तो पावसात काय खानार, हे बी तुला ठाव. म्हनून ह्यो बाबू म्हनतो, त्याचा मान काड. बाबू खोटं बोलत नाय. पंधरा वरसं त्यो परमुलखात राबला. त्याची गिरन गेली. परत आला तर गावात त्याला उभं राहायला जागा नाय, कुनी त्याचं ऐकत नाय. त्यालाबी तुज्या दारात जागा दे, म्हाराजा…"

ह्या वाक्याला "व्हय" आलं ते फुटक्या आवाजात, आणि बाबूचं आलंच नाही. तो खाली बघत होता.

"नि ह्या सगळ्यात कुना लेकराची काय चूकभूल झाली असल, कळत का नकळत, ती पोटात घाल. पदराखाली घे. नि औंदाचा शिमगा दरसालासारखा सुखाचा करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" अख्खा गाव. बाबूसकट. त्याचा आवाज पुन्हा सगळ्यांच्या वर.

धोंडू गुरवाने पाकळी उचलली, देवीजवळ नेली आणि परत ताम्हनात ठेवून दिली.

"काय झालं?" बाबू म्हणाला. "लाव की कौल."

"कसला लावू? चूकभूल पोटात घाल म्हनून आताच सगळ्यांनी मागितलं. तू बी व्हय म्हटलंस. आता तिला परत काय इचारू? तोंडात दोन जिभा हायत काय गावाच्या?"

"ते तर हर गाऱ्हान्याच्या शेवटी असतं!" बाबू म्हणाला. "मी सवयीनं म्हटलं."

"देवीकडं सवयीचं नि बिनसवयीचं असं येगळं लिवत नाय."

बाबूने आजूबाजूला पाहिलं. त्याच्या बाजूने कुणी बोलेना. शेवटी हौसाच म्हणाली, "बाबू, तुजा आवाज मातर चांगला हाय हो. पालखीला 'व्हय म्हाराजा'ची पयली हाक तू देत जा. नायतरी ह्या म्हाताऱ्यांचा घसा बसलेला असतो." लोकांनी माना हलवल्या. बाबूने खिशाचं पेन उगाच काढलं, परत लावलं आणि म्हणाला, "बगू." तेव्हा मला कळलं की हे घराणंच तसलं आहे.

शिमग्याला मी मुद्दाम गेलो. भागोजीने गाऱ्हाणं घातलं आणि बाबूची हाक अशी की जयगडच्या होड्यांपर्यंत गेली असावी. काजू त्या वर्षी कुणालाच धड लागला नाही. पुढच्या वर्षी लागला.

मला मात्र एक प्रश्न छळत होता. आमच्या बाररूममध्ये चूकभुलीचं ते वाक्य मी दहा वकिलांना सांगितलं, दहाही म्हणाले, हा माणूस पोहोचलेला आहे. पुढे आंब्याच्या तोडणीला तो आला तेव्हा मी त्याला झाडाखाली गाठलं.

"भागोजी, खरं सांग. तो शेवट तू मुद्दाम घातलास, की नेहमीचा म्हणून आला?"

त्याने अंगठ्याने माती उकरली. "बगा."

मी चिमाकडे वळलो. ती आंबे निवडत होती. तिने वर बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तिला सांगता येईना. मग एक डागी आंबा बाजूला टाकत म्हणाली, "चहा टाका, अण्णा. साखर जास्ती."